रुक्मिणीची आत्या

दिवाळी सरून तुळशीचे लग्न लागले, की यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठांत दोन हंगाम एकदमच सुरू होतात. वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा येथील जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि व्यापारी घरांच्या बैठकीत लग्नपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. मंगल कार्यालयाची अनामत भरलेली असते, आचाऱ्याला विसार दिलेला असतो, सराफाकडे दागिने घडत असतात. कोणाला पत्रिका टपालाने पाठवायची, कोणाकडे हातोहात न्यायची, याच्या याद्या होत असतात. सारे घर बोलत असते. अशा घरात कधी कधी एकच व्यक्ती गप्प असते, आणि ती नेमकी जिचे लग्न ठरले आहे ती.

हे मौन पुष्कळदा लाजेचे असते, कधी माहेर सुटण्याच्या दुःखाचे असते आणि ते आपोआप विरून जाते. परंतु काही वेळा ते संशयाचे असते. साखरपुडा झाला, दोन-चार वेळा भेटीगाठी झाल्या, फोनवर बोलणे झाले, आणि त्या बोलण्यातून मन जुळण्याऐवजी दूर सरकत गेले. त्याच दिवसांत, ध्यानीमनी नसताना, दुसऱ्या कोणाविषयी जिव्हाळा वाटू लागतो. तो महाविद्यालयातील जुना सहाध्यायी असेल, पुण्याच्या कचेरीत शेजारच्या मेजावर काम करणारी सहकारी असेल, किंवा नात्यातल्याच एखाद्या लग्नात पंक्तीत वाढताना भेटलेले कोणी असेल. ज्या विवाहाविषयी मन आधीच साशंक होते, त्याच्या उंबरठ्यावर हे प्रेम उभे राहते. घरात कळले, तर पहिला उद्गार ठरलेला असतो : "आता? पत्रिका छापल्यावर?"

जणू काही असा प्रसंग या भूमीत पूर्वी कधी घडलाच नव्हता! वस्तुतः विदर्भाची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी कथा हीच आहे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. हीच वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याची सीमा होऊन वाहते. परंपरा या गावाला विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानते. कार्तिकात येथे यात्रा भरते आणि येथील पालखी पंढरपूरला जाते, ती सासरी गेलेल्या लेकीला भेटायला, अशा भावनेने. महानुभाव पंथाच्या महदंबेने धवळे रचले ते याच विवाहाचे, नरेंद्र कवीने त्यावर काव्य केले, आणि एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेले 'रुक्मिणी स्वयंवर' आजही उपवर मुली श्रद्धेने वाचतात. उत्तम स्थळ मिळावे म्हणून मुलीच्या हाती हा ग्रंथ देणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, की ग्रंथातील नायिकेने वडीलबंधूने ठरवलेले स्थळ नाकारले होते.

भागवताच्या दशम स्कंधातील कथा सर्वांना ठाऊक आहे. राजवाड्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकून रुक्मिणीचे मन त्याच्यावर जडले. पिता भीष्मक मनाने प्रतिकूल नव्हता. परंतु थोरला मुलगा रुक्मी याचे कृष्णाशी वैर होते, त्याचे राजकारण चेदिराज शिशुपालाशी जुळणारे होते, आणि पुत्राच्या प्रेमापुढे पिता दुबळा ठरला. शिशुपालाशी विवाह ठरला. तेव्हा रुक्मिणीने एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती सात श्लोकांचे पत्र द्वारकेला धाडले. त्या पत्रात नुसता विलाप नाही. विवाहाच्या आदल्या दिवशी वधू नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाते, तेथून मला घेऊन जावे, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या बांधवांचा वध करण्याची वेळ येणार नाही, इतका नेमका विचार तिने केला आहे. ज्या घराने तिला विचारले नव्हते, त्या घरातील माणसांचे प्राण वाचावेत ही चिंता तिच्या मनात होती.

जैन पुराणकारांनीही ही कथा मोठ्या आस्थेने सांगितली आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, हरिवंशपुराण पूर्ण केले. आदिपुराणकार जिनसेन ते वेगळे. त्यांच्या कथेत आरशापुढे शृंगारात गुंतलेल्या सत्यभामेने नारदांकडे लक्ष दिले नाही, म्हणून रुष्ट झालेले नारद कुंडिनपुरास येतात. रुक्मिणी त्यांना विनयाने वंदन करते आणि ते तिला कृष्णाची पट्टराणी होण्याचा आशीर्वाद देऊन जातात. ठरलेल्या विवाहाच्या वाटेवर असलेल्या मुलीला हे नाव अकल्पितपणे ऐकू येते. पुढे नारद तिचे चित्र रेखाटून कृष्णाला दाखवतात आणि तिकडेही अनुराग उत्पन्न होतो. येथवरचा भाग काव्याचा आहे. मात्र या कथेत एक पात्र असे आहे, ज्याच्याकडे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने थांबून पाहावे. ते पात्र म्हणजे रुक्मिणीची आत्या.

भावाच्या घरी राहणारी ही आत्या भाचीचे मन ओळखते. अतिमुक्तक मुनींनी पूर्वी केलेल्या भाकिताची ती तिला आठवण देते, आणि कृष्णाकडे गुप्तपणे निरोप पाठवण्याचे काम ती स्वतः अंगावर घेते. नगराबाहेरच्या उद्यानात नागदेवाच्या पूजेच्या निमित्ताने रुक्मिणीला नेण्याची योजनाही तिच्याच साह्याने सिद्धीस जाते. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रातही ही आत्या आहे. दोन्ही परंपरांच्या आचार्यांना वाटले असावे, की अंतःपुरातील एवढ्याशा मुलीच्या पाठीशी घरातले एक तरी वडीलधारे माणूस उभे असले पाहिजे. भागवतातील रुक्मिणीला आपले मन परक्या माणसाच्या हाती सोपवावे लागले. जैन कथेतील रुक्मिणीला ते निदान आत्यापाशी उघड करता आले.

व्यापारी समाजात 'दिलेला शब्द' हे फार मोठे मोल आहे आणि ते असावेच. दस्तऐवजाशिवाय, नुसत्या जबानीवर लाखोंचे व्यवहार या पेढ्यांनी केले आहेत. म्हणूनच साखरपुड्यात दिलेला शब्द मोडणे हे घराण्याची पत बुडवण्यासारखे वाटते. पण याच पेढ्यांच्या जुन्या व्यवहारात एक नियम होता, तो येथे आठवावा. हुंडी कोणीही कोणावरही लिहू शकतो. मात्र ज्याच्यावर ती लिहिली, त्याने ती सकारल्यावाचून त्याच्यावर देणे चढत नाही. न सकारलेल्या हुंडीबद्दल त्याला दिवाळखोर म्हणणे हा अन्याय होय. जो सवाल करायचा, तो हुंडी लिहिणाऱ्याला करायचा. रुक्मीने शिशुपालाला दिलेला शब्द हा असाच होता. रुक्मिणीवर लिहिलेली ती हुंडी रुक्मिणीने कधीही सकारली नव्हती. आजही भावाच्या भागीदारीसाठी, दोन पेढ्या जवळ याव्यात म्हणून, किंवा 'इतके चांगले घर पुन्हा मिळणार नाही' या घाईपोटी मुलामुलींच्या नावे असे शब्द दिले जातात. होकार विचारला जातो, पण पाहुणे समोर बसलेले असताना, पेढ्यांचा डबा उघडल्यावर. त्या क्षणीची मान हलवणे म्हणजे सकारणे नव्हे.

पुराणातील उदाहरण दूरचे वाटत असेल, तर एकोणिसाव्या शतकातील मुंबईकडे पाहावे. तेथे रुक्मिणीच्याच नावाची एक स्त्री न्यायालयात उभी राहिली. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. पुढे नांदायला जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. बालपणी, अजाणतेपणी झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८८४ मध्ये पतीने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. याच काळात 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाच्या टोपणनावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियामध्ये पत्रे लिहिली. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीप्रमाणे यांनाही आपले मन कागदावर मांडून घराबाहेर पाठवावे लागले. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या लढ्यात रखमाबाईंच्या मनात दुसरा कोणी पुरुष नव्हता. त्यांचा नकार निव्वळ नकार होता. हे मुद्दाम लक्षात घ्यावे, कारण मुलगी किंवा मुलगा ठरलेल्या विवाहाविषयी शंका बोलू लागला, की घरातील पहिला प्रश्न असतो, "दुसरे कोणी आहे का?" कोणी नसेल तर शंका पोरकट ठरते आणि कोणी असेल तर ती कारस्थान ठरते. दोन्ही बाजूंनी मूळ शंकेचे ऐकून घेणे टळते. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी ते टाळले नाही. ते तिच्या पाठीशी राहिले. एका अर्थी रुक्मिणीच्या आत्याचे काम येथे एका पुरुषाने केले.

आता वऱ्हाडातलेच तिसरे उदाहरण. यवतमाळहून निघणारी जुनी शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूरला जात असे, तेथे १९०१ साली आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांचा जन्म झाला. कुसुम जयवंत यांचा जन्म १९०४ सालचा, अमरावतीचा. शिक्षणाच्या निमित्ताने ओळख झाली, ओळखीचे प्रेम झाले, आणि पत्रे सुरू झाली. १९२२ ते १९२७ या काळातील ही पत्रे पुढे १९७२ साली 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. कुसुमावती उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्या, तेथील पदवी घेऊन परतल्या आणि १९२९ मध्ये दोघांचा विवाह झाला. अनिल १९५८ च्या मालवण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

या प्रेमकथेत पळून जाणे नाही, रथ नाही, रण नाही. आहे ती प्रतीक्षा. पहिल्या पत्रापासून विवाहापर्यंत सात वर्षांचा काळ गेला आणि मध्ये समुद्रही आला. अकस्मात जडलेला जिव्हाळा टिकाऊ आहे, की ती नुसती हुरहूर आहे, हे ओळखण्यासाठी काळासारखी दुसरी कसोटी नाही. विवाहाच्या भीतीने गोंधळलेल्या मनाला कोणताही आपुलकीचा शब्द प्रेमासारखा वाटू शकतो. नको असलेल्या दारातून बाहेर पडायचे असते आणि समोर जे दार उघडे दिसेल ते घरच वाटू लागते. म्हणून अशा वेळी दोन प्रश्न वेगळे करणे हिताचे असते. ठरलेला विवाह करावा की नाही, हा पहिला. नवे नाते स्वीकारावे की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मुहूर्ताच्या आधी द्यावेच लागते. दुसऱ्याला मुहूर्त नाही. त्याला वर्ष लागो, दोन वर्षे लागोत. खरे असेल तर ते थांबेल. ज्याला थांबता येत नाही, त्याच्याविषयी सावध राहण्याचा वडीलधाऱ्यांचा सल्ला चुकीचा नसतो.

या साऱ्यात एक माणूस बहुधा विसरला जातो. तो म्हणजे शिशुपाल. कथाकारांनी त्याला खलपुरुष केला, म्हणून त्याच्या अपमानाचे कोणाला काही वाटत नाही. प्रत्यक्ष जीवनात ज्याच्याशी साखरपुडा झाला तो मुलगा किंवा ती मुलगी खल नसते. त्या घरीही पत्रिका छापलेल्या असतात, त्या आईनेही पाहुण्यांना फोन केलेले असतात. नेमिनाथांची वरात तोरणावरून परतली, ही कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. बांधलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते विरक्त झाले. त्यांच्या परतण्याचे कारण या लेखाच्या विषयाहून निराळे आणि फार वरच्या पातळीचे आहे. पण त्या कथेत आचार्यांनी राजुलला विस्मृतीत टाकले नाही. तिचा शोक, तिचे धैर्य आणि पुढे रथनेमीने मोहवश होऊन विचारले असता तिने त्याला दिलेला बोध, या सर्वांना उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात स्थान आहे. वरात परतली त्याची गाथा जशी आहे, तशी जिच्या दारातून ती परतली तिचीही आहे. ठरलेला विवाह मोडताना ही दृष्टी राहिली पाहिजे. खरे कारण सभ्य शब्दांत, लवकर आणि स्वतः जाऊन सांगावे. दागिने, वस्त्रे, झालेला खर्च यांचा हिशोब न मागता पुढे ठेवावा. आणि समोरच्या मुलात किंवा मुलीत दोष होता, अशी कुजबुज आपल्या घरातून उठू देऊ नये. शब्द फिरवावा लागला तरी पत राखता येते, ती अशी.

वेळेचे महत्त्व येथेच कळते. साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. तो मोडल्यास दुःख होते, पण कोणतेही न्यायालय विवाह करण्याची सक्ती करत नाही. विवाह लागल्यावर मात्र सारे पालटते. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार बळजबरीने किंवा फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. पण ते सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी मुदतही ठरलेली आहे. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा, तरी आधी एक वर्ष विभक्त राहणे आवश्यक असते आणि अर्जानंतर साधारणपणे सहा महिन्यांचा अवधी जातो. दोघांपैकी एकजण अडून बसला, तर वर्षांमागून वर्षे जातात. कार्यालयाची अनामत बुडेल म्हणून लावलेल्या विवाहाची किंमत पुढे किती पटीने मोजावी लागते, हे तारखांना हजेरी लावणाऱ्या कुटुंबांना विचारावे. कार्यालयाची अनामत ही बुडीत खात्यात टाकण्याजोगी रक्कम आहे. दोन जिवांचे आयुष्य तसे खाते नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक शंकेपुढे मांडव उतरवावा, असा नाही. लग्नापूर्वीची धाकधूक जवळपास प्रत्येकाला असते, आणि शांतपणे ऐकणारे कोणी भेटले तर बहुतेकांची ती बोलता बोलताच निवते. सासरी नोकरी करता येईल का, वेगळ्या गावी करमेल का, आईवडिलांकडे कोण पाहील, असे साधे प्रश्न मनात अडकलेले असतात. ते विचारले गेले, त्यांची उत्तरे दोन्ही घरांनी मिळून दिली, की विवाह अधिक भक्कम होतो. परंतु ज्याच्या स्वभावाची भीती वाटते, ज्याच्या बोलण्यातला खोटेपणा उघड झाला आहे, किंवा ज्याच्यासोबत आयुष्याची कल्पनाच करवत नाही, अशा शंका निवत नाहीत. त्या बोलल्याने अधिक स्पष्ट होतात. बोलू दिल्याशिवाय या दोहोंतील फरक आईबापांना कळणार कसा?

त्यासाठी घरात आत्या हवी. ती नात्याने आत्याच असावी असे नाही. काकू, मामा, थोरली वहिनी, आजोबा, कोणीही चालेल. मात्र त्या माणसाचा त्या सोयरिकीत स्वतःचा व्यवहार अडकलेला नसावा, ऐकलेले पोटात ठेवण्याची त्याची ख्याती असावी आणि वेळ आली तर भीष्मकासमोर उभे राहून दोन शब्द बोलण्याचे त्याच्यात धैर्य असावे. साखरपुड्याच्या आधी एकदा आणि पत्रिका छापायला देण्यापूर्वी एकदा, अशा माणसाने मुलाला किंवा मुलीला बाजूला बसवून विचारावे. प्रश्न "पसंत आहे ना?" असा नसावा. त्याला "हो" एवढेच उत्तर असते. "तुला कशाची चिंता वाटते?" असे विचारावे आणि मग आपण गप्प बसावे. मुलांनाही विचारायला हवे. त्यांच्यावर पेढीचे ओझे असते आणि मनातले बोलण्याची सवय त्यांना मुलींहून कमी लागलेली असते.

कौंडण्यपुरात त्या रात्री भीष्मकाच्या वाड्यात किती माणसे असतील, याची गणती नाही. आई होती, पिता होता, पाच भाऊ होते, सख्या होत्या, दास-दासी होत्या. एवढ्या भरल्या घरातून एका मुलीचे मन द्वारकेपर्यंत पोहोचले, पण शेजारच्या दालनातील पित्यापर्यंत पोहोचले नाही. यंदाच्या हंगामात ज्या घरी मांडव पडणार आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी याद्या पूर्ण होण्याआधी एवढे पाहावे, की ते दालनाचे दार उघडे आहे ना.